हौसेची उंची

आल्टो ८०० कंपनीतून यायची तेव्हा तिचं पोट जमिनीपासून १६० मिलिमीटर वर असायचं. हौशी मालकाला हे फारच वाटतं. मग गॅरेजात स्प्रिंगा कापायच्या. कापणं स्वस्तच, बिल नंतर हप्त्याहप्त्याने येतं: शॉक अ‍ॅब्सॉर्बर, अलाइनमेंट, आतल्या कडेने झिजलेले टायर आणि एखाद्या पावसाळ्यात फुटलेला चेंबर. स्पीडब्रेकर नियमाने १० सेंटिमीटर उंच असावा. आपल्या गल्लीतला नियम वाचून थोडाच बांधलाय! तिथे गाडी तिरकी घालायची आणि मागे बसलेल्या मावशींना म्हणायचं, “जरा उतरता का?” मावशी पिशव्यांसकट उतरतात. तरी खालून ‘खर्र’ होतंच. विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं निमित्त. आपले रस्ते पाहता उलट गाडी उंच करून घ्या म्हणावं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला तेही चालत नाही.