तीन पत्तीचे गुरुजी

गणपतीच्या जागरणाला सोसायटीच्या मांडवात रात्री अकरानंतर दोन घोळके जमतात. एक रमीवाल्यांचा, दुसरा तीन पत्तीवाल्यांचा. दुसऱ्या घोळक्यात खेळणारे दरवर्षी बदलतात, शिकवणारे काका मात्र तेच. हे काका प्रत्येक सोसायटीत असतात. नसले तर शेजारच्या सोसायटीतून येतात.

काका बहुधा बँकेतून निवृत्त झालेले. मांडीशी चिल्लरीचा स्टीलचा डबा. त्यातली नाणी ते सगळ्यांना मोजून वाटतात आणि पहाटे मोजून परत घेतात, त्यामुळे याला कुणी जुगार म्हटलेलं त्यांना खपत नाही. "हा वर्ग आहे," ते म्हणतात.

नवखं माणूस दिसलं की काकांना तरतरी येते. कुणाचा जावई, हॉस्टेलवरून आलेला पुतण्या, नाहीतर तिसऱ्या मजल्यावरची नवी सून. "काही अवघड नाही गं. तीन पानं. तिन्ही सारखी म्हणजे ट्रेल, ती सगळ्यांत मोठी. मग एकाच रंगाचा सिक्वेन्स, मग साधा सिक्वेन्स, मग कलर, मग जोडी. काहीच नसलं तर ज्याचं पान मोठं तो. आधी सगळ्यांनी बूट टाकायचा. पानं न बघता खेळलीस तर ब्लाइंड, बघितलीस तर सीन, आणि सीनवाल्याने दुप्पट टाकायचं. नको वाटलं तर पॅक. झालं! बस."

एवढं ऐकून कुणालाही वाटेल, आला खेळ. पण हा नुसता पहिला हप्ता. पुढचे हप्ते समोरचा जिंकायला लागला की सुरू होतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेने शो मागून राजा, राणी, गुलाम मांडले आणि नाण्यांकडे हात नेला. काकांनी शांतपणे एक्का, दुर्री, तिर्री खाली ठेवली. "हा दोन नंबरचा सिक्वेन्स. याच्या वर फक्त एक्का, राजा, राणी."

"काका, हे मघाशी नाही सांगितलंत."

"मघाशी लागलं नव्हतं."

पुढच्या डावात तिने साइड शो मागितला. मग कळलं की तो आपल्या आधी खेळलेल्याकडेच मागायचा, तोही सीन असेल तरच, आणि त्याने नको म्हटलं तर गप्प बसायचं. नियम खोटे नसतात, निदान बहुतेक.

स्वतःची पानं बघण्याची त्यांची रीत वेगळीच. तिन्ही पानं एकावर एक ठेवून अंगठ्याने ते कोपरा इतका सावकाश सरकवतात, की आलेलं पान इस्पिकचं की किलवरचं हे त्यांनाही सकाळच्या आरतीपर्यंत कळू नये. तोवर बाकीचे चहा पिऊन येतात.

इंजिनिअरिंगच्या पुतण्याने एकदा हिशोब मांडला. बावन्न पानांतून तीन पानांचे 22,100 हात होतात. त्यांत ट्रेल 52 आणि एकाच रंगाचे सिक्वेन्स 48. म्हणजे दुर्मीळ सिक्वेन्स, मग मोठी ट्रेल कशी? काकांनी पानं पिसत सगळं ऐकून घेतलं. "बरोबर आहे. पेपरात पैकीच्या पैकी मिळतील. इथे ट्रेल मोठी."

रमीवाल्यांशी त्यांचं हाडवैर. ते पलीकडून सुनावतात, रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असं सुप्रीम कोर्टाने 1967 सालीच सांगितलंय. तीन पानांचा तुमचा खेळ निव्वळ नशिबाचा, हेही त्याच निकालात आहे. काका कोर्टाचा मान राखतात. एवढंच विचारतात, "मग तुमचा जावई काल रात्रभर हरला, ते नशीब म्हणायचं का?"

मात्र काकांना पैशांचा लोभी म्हटलं तर ते अन्यायाचं होईल. एका डावात ते आणि पुतण्या दोघेच उरले. काकांनी शो मागितला. दोघांकडेही दश्शीची जोडी आणि वर राणी. पुतण्या म्हणाला, अर्धे अर्धे करू. "छे! पानं बरोबरीत सुटली की शो मागणारा हरतो," म्हणत काकांनी सगळी नाणी त्याच्याकडे सरकवली. हा नियम तिथे दुसऱ्या कुणाला ठाऊकसुद्धा नव्हता. हरल्याचं दुःख दूरच, नवा धडा द्यायला मिळाला म्हणून त्यांचा चेहरा उजळला होता.

पहाटे चारला डबा निम्म्यावर आला, तेव्हा त्यांनी मुफलिस जाहीर केला. सगळं उलटं, ज्याची पानं सगळ्यांत हलकी तो जिंकणार. पानं वाटली. काकांचा अंगठा सरकला. राजा. पुन्हा राजा. तिसरं पान बघायला त्यांनी फारच वेळ घेतला.

"मुफलिसात ट्रेल आली तर पानं परत वाटतात," ते म्हणाले. सुनेने मान वर केली, तशी तिने काही बोलायच्या आत घाईघाईने पुढे म्हणाले, "मघाशी लागलं नव्हतं."