घरगुती महापूर नियंत्रण: सांगली-सातारकरांसाठी नियमावली

कृष्णाकाठच्या माणसाला पाण्याबद्दल शिकवायला जाणे हा आगाऊपणा आहे, याची प्रस्तुत नियमावलीला पूर्ण जाणीव आहे. जुलैचा पाऊस लागला की 'आयर्विनला किती फूट?' हे कळल्याशिवाय सांगलीकराच्या घशाखाली चहा उतरत नाही. त्या पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ला धोका, हे तिथे शाळकरी पोरही सांगते. कोयना १०५.२५ टीएमसीची, आलमट्टीची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर, सगळे तोंडपाठ. कास तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला की साताऱ्यात पोवई नाक्यावर लगेच चर्चा. मात्र याच माणसाला विचारा, 'तुमच्या घराचा मेन कॉक कुठाय?' तो बायकोकडे बघतो. बायको भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे बघते.

म्हणून नियम पहिला: कॉक शोधावा. तो सहसा मीटरजवळ, फरशीच्या तुटक्या तुकड्याखाली किंवा तुळशीवृंदावनाच्या मागे असतो. सापडला तरी तो फिरत नाही. वर्षानुवर्षे न हलवलेला गेट व्हॉल्व्ह आतून गंजतो; जोर लावला की चाक हातात येते आणि पाणी आपले चालूच. दोन-तीन महिन्यांतून एकदा तो सावकाश बंद करून उघडावा. नवा बसवायचाच असेल तर बॉल व्हॉल्व्ह बसवावा. पाव फेरीत बंद होतो, आणि दांडी पाइपला आडवी दिसली की बंद, हे पाहुण्यालाही समजते.

पाइप फुटल्यावर घरातले सगळे जमून त्या जागेवर हात दाबून धरतात, हे प्रेमळ असले तरी निरुपयोगी आहे. रस्त्याकडचा कॉक बंद करूनही पाणी थांबत नाही, कारण ते गच्चीवरच्या टाकीतून येत असते. टाकीच्या तोंडाशी वेगळा कॉक असतो, तो बंद करायचा. मग मोटर आणि गिझरची बटणे बंद, आणि सगळ्यात खालचा नळ उघडून पाइपात उरलेले पाणी काढून टाकायचे. सायकलची जुनी ट्यूब ताणून गुंडाळली तर रात्र निघते. वाहत्या पाण्यावर एम-सील थापणे हा मात्र श्रद्धेचा भाग आहे. त्याला कोरडा पाइप लागतो.

यानंतर प्लंबरला फोन करावा. 'निघालोय की दादा, पाच मिनिटांत पोचतो.' ही पाच मिनिटे धरणातून सोडलेल्या पाण्यासारखी मोजावीत: सुटले आज, पोचणार उद्या.

साताऱ्याला एक पोटनियम. कासचे पाणी उतारानेच शहरात येते, आणि उताराच्या गावात दहा मीटर उंचीमागे साधारण एक किलो दाब वाढतो. तेव्हा खालच्या अंगाच्या घरांनी बॉलकॉककडे अधूनमधून लक्ष द्यावे.

गळक्या नळाचे काय? सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. आलमट्टीने पाणी अडवले म्हणून तावातावाने बोलणाऱ्याने आपल्या मोरीतला विसर्गही जाहीर करावा. वॉशर काही रुपयांचा असतो. पाण्याची किंमत कळत नसेल तर आठवावे: २०१६ साली सांगलीशेजारच्या मिरजेहून दुष्काळी लातूरला रेल्वेने पाणी गेले, ५० वाघिणींतून एका खेपेला २५ लाख लिटर. जत, आटपाडी, माण, खटावच्या वाचकांनी हा परिच्छेद वगळावा; टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्यांना थेंबाचा हिशेब सांगायला आम्ही धजावत नाही.

आता खरा पूर. २०१९ला आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा गंमत बाजूला ठेवून सांगायचे ते असे. पुराचे पाणी पुढच्या दाराने येतेच असे नाही. नदी गल्लीत शिरण्याआधी ते ड्रेनेजमधून उलटे चढून संडासाच्या भांड्यातून आणि मोरीच्या जाळीतून वर येऊ शकते. तिथे प्लॅस्टिकचा कागद घालून वाळूची पोती ठेवावीत. कायमचा इलाज हवा तर शेवटच्या चेंबरपाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. बोर्डापर्यंत पाणी यायच्या आत, कोरड्या हाताने मेन स्विच पाडावा. पाणी पोचले असेल तर स्विचला हात लावू नये. रिकाम्या टाक्या तरंगतात, जमिनीतली सिंटेक्सची टाकीसुद्धा उचलली जाते, म्हणून त्या भरून ठेवाव्यात. लोक टीव्ही डोक्यावर घेऊन माडीवर जातात आणि पाण्याची मोटर खालीच राहते. आधी मोटर न्यावी. पाणी ओसरल्यावर टीव्हीवाचून चालते, गाळ धुवायला मोटर लागते. हौद पूर्ण उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने धुवावा, पहिले भरलेले पाणी ओतून द्यावे आणि पुढे बरेच दिवस उकळूनच प्यावे.

ही नियमावली १ जूनपासून अमलात येईल. ज्यांना हरकत घ्यायची असेल त्यांनी आधी आपल्या घरचा मेन कॉक बंद करून दाखवावा.