अगबाई, फादर कानात शिरले!

ऐकलंत का? अमेरिकेतल्या बॅप्टिस्ट घरांत म्हणे हल्ली सकाळी सकाळी कॅथलिक फादर बोलतात! दार वाजवून येत नाहीत हो, थेट कानात. पळताना, गाडी हाकताना, भांडी घासताना. आणि चर्चच्या पाळकांना याचा पत्ता लागतो तो उशिरानं!

हे फादर म्हणजे मिनेसोटातल्या डुलुथचे माइक श्मिट्झ. १ जानेवारी २०२१ पासून त्यांनी ३६५ भागांत अख्खं बायबल वाचायला घेतलं, आणि बघता बघता तो पॉडकास्ट ॲपलच्या यादीत पहिला. ज्या मंडळींनी ‘बायबल ज्याचं त्यानं वाचावं, मध्ये फादर कशाला?’ म्हणत पाचशे वर्षं भांडण लावून धरलं, त्यांच्याच लेकीसुनांनी वाचनाचं काम फादरांवर सोपवावं? काय म्हणावं या काळाला!

बरं, वाचतात ते तरी कोणतं बायबल? प्रोटेस्टंटांचे ग्रंथ ६६, फादरांचे ७३. हे जास्तीचे सात म्हणजे लग्नात आगंतुक घुसलेले पाहुणे. श्रोता बिचारा उत्पत्तीपासून निष्ठेनं ऐकत येतो आणि एके दिवशी कानात त्या सातांतला तोबित हजर! मागोमाग मक्काबी, आणि त्यात तर मेलेल्यांसाठी प्रार्थना. झालं! कॅथलिकांच्या शुद्धिस्थानाचं दार किलकिलं व्हायला आणखी काय हवं?

पाळक कपाळाला हात लावतात तोवर ‘हॅलो’ आलं. फोन उचलून म्हणतो ते नव्हे, कॅथलिकांचं प्रार्थनेचं ॲप. त्याच्या प्रचाराला खुद्द हॉलिवूडचा नट मार्क वॉलबर्ग. २०२४च्या राखेच्या बुधवारी ॲपलच्या दुकानात ते सगळ्या ॲपांच्या वर जाऊन बसलं. त्यावर जोनाथन रूमी प्रार्थना सांगतो. हो, तोच, ‘द चोझन’ या मालिकेतला येशू! मालिका काढली इव्हँजेलिकल डॅलस जेंकिन्सनं, येशू निघाला कॅथलिक. आता पडद्यावर ज्याला पाहून डोळे पाणावतात, तोच प्रार्थनेला बोलावतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? त्याच ॲपात दोन बोटांच्या अंतरावर रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळही आहे. पाळकांची काळजी अगदीच पोकळ नाही, हे कबूल करायला हवं. स्तोत्रापासून मरियामातेपर्यंतच्या वाटेवर पाटी कुठेच नाही.

पण ‘आजच काय आक्रीत घडलं’ हा आव मात्र पुरे. १९५२ साली कॅथलिक बिशप फुल्टन शीन झगा आणि फळा घेऊन टीव्हीवर उभे राहिले आणि एमी पटकावून गेले. १९८१ साली मदर अँजेलिकांनी मठाच्या गॅरेजातून कॅथलिक वाहिनी सुरू केली, तीही कुठे, तर बॅप्टिस्टांच्या अलाबामात! आपल्याकडचं सांगू? फादर स्टीफन्स प्रोटेस्टंट इंग्लंड सोडून गोव्याला आले आणि १६१६ साली ख्रिस्तपुराण छापून मोकळे झाले, तेही मराठी ओव्यांत. शिवाय छापखान्याच्या जोरावर घराघरांत पत्रकं घुसवायची कला आधी कुणी दाखवली? प्रोटेस्टंटांच्या ल्यूथरसाहेबांनीच ना? तेव्हा कपाळाला हात रोमनं लावला होता.

आता गॅव्हिन ऑर्टलंडसारखे बॅप्टिस्ट विद्वानही यूट्यूबवर उतरून शांतपणे उत्तरं देताहेत, ते बरं. बाकीच्यांनी इतकंच करावं: तोबित आला की तीस सेकंद पुढे ढकलायचं बटण दाबत राहावं. ॲपलनं ती सोय दोन्ही पंथांना सारखीच दिली आहे.