साईटवरचे दादा

दादा घरात शिरतात ते चपला न काढता, आणि शिरल्याशिरल्या बाथरूमच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून विचारतात, "कुणी केलंय हो हे काम?" सूर असा असतो की आधीच्या माणसाला निदान सक्तमजुरी तरी व्हायला हवी होती असं घरमालकालाही वाटू लागतं. आमच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांनी हेच विचारलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "तुम्हीच. 2011 साली." दादांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. भिंतीवरून मायेने हात फिरवत म्हणाले, "तरीच एवढी वर्षं टिकलं."

आमची इमारत कोथरूडची, 1993 सालची. पुण्यातल्या फ्लॅटला तीस वर्षं झाली की सगळी दुखणी एकदम बाहेर येतात. जीआयचे पाइप गंजतात, मोरीचा ढाळ उलटा होतो, मोझॅकच्या फरशा पिवळ्या पडतात, आणि मुलगा-सून अमेरिकेहून येणार म्हणून संडास बदलायचा ठरतो. मग कुणीतरी कुणालातरी दादांचा नंबर देतं. आजवर इमारतीतली निम्मी घरं त्यांच्या हाताखालून गेली आहेत. एकाही घरात काम संपलेलं नाही, पण एकाही घराने दुसरा माणूस बघितलेला नाही.

दादा गवंडी नाहीत, सुतार नाहीत, प्लंबर नाहीत, रंगारी नाहीत. लेटरहेडवर मात्र "सिव्हिल, फर्निचर, प्लंबिंग, इलेक्ट्रिक, कलर व सर्व प्रकारची कामे केली जातील" असं असतं. त्यांची स्वतःची हत्यारं तीन : पाच मीटरची टेप, दोन सिमांचा फोन आणि कानामागची पेन्सिल. बाकी सगळं माणसांवर. सुतार राजस्थानचे, प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाड्याचे, रंगारी बिहारचे. त्यांच्याशी दादा जी भाषा बोलतात ती भारतात फक्त साईटवर चालते. "अरे भाई, वो थापी तिकडून दे, आणि ये ओळंबा पकड के रख ना जरा." राजस्थानच्या सुताराला ओळंबा काय ते नीट कळतं आणि केंद्रपाड्याच्या प्लंबरला तिकडून म्हणजे कुठून तेही.

एस्टिमेट देताना दादा आधी छताकडे बघतात. दर कुठून येतो हे तेवढ्यावरून कळत नाही, पण येतो वरूनच. कागद म्हणून लग्नपत्रिकेची कोरी बाजू चालते. त्यावर तोडफोड, राडारोडा, कोबा, डॅडो, फरशी, माळा, ओटा, असं एकाखाली एक येतं आणि शेवटी एक आकडा, ज्याच्यामागे "अंदाजे" असतं. नळ, कमोड, गीझर "आपलं" असं लिहितात. इथे आपलं म्हणजे तुमचं. मग पेन्सिल कानामागे ठेवत सहज विचारतात, "बिल लागणार का साहेब? मग 18 टक्के वर." ज्या साहेबांनी आयुष्यभर इन्कम टॅक्सचा फॉर्म वेळेत भरला तेही अशा वेळी बायकोकडे बघतात.

माप घेणं हा दादांचा खरा प्रांत. एका घरात तीन मापं नांदत असतात. फरशीचं दुकान मिलिमीटरमध्ये बोलतं, दादा फूट-इंचात, आणि सुतार सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच. दुकानात ज्या फरशीला सगळे "दोन बाय दोन" म्हणतात ती असते 600 मिलिमीटरची, आणि दोन फूट म्हणजे होतात जवळजवळ 610. हा दहा मिलिमीटरचा फरक दुकानात कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण सोळा फुटांच्या हॉलमध्ये आठ फरशा ओळीने लावल्या की सांधे धरूनही शेवटच्या भिंतीशी अडीच इंचांची पट्टी उरते. पट्टी उरणार हे दादांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. ती कुठे न्यायची, यात त्यांची तीस वर्षांची विद्या आहे. चांगला काँट्रॅक्टर ओळ मधून सुरू करून पट्टी दोन्ही कडांना वाटतो. दादा दारापासून अख्ख्या फरशीने सुरुवात करतात, कारण पाहुणा दारातून येतो, आणि पट्टी सोफ्याखाली नेऊन दडवतात. "साहेब, सोफा कोण उचलून बघतंय?" सोफा उचलून बघणारे निघतात. आमच्या इमारतीत असे एक काका आहेत. ते पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेत.

हे काका हा दादांच्या आयुष्यातला एकमेव पेपर तपासनीस. कुणाच्याही घरी काम निघालं की सकाळी चहानंतर ते दहाचं नाणं घेऊन येतात आणि नव्या फरशीवर एकेका कोपऱ्याला टकटक करत सगळी खोली फिरतात. भरीव वाजली की पुढची. पोकळ वाजली की खडूने फुली. व्हिट्रिफाइड फरशी पाणी जवळजवळ पितच नाही, शोषण अर्ध्या टक्क्याहून कमी. त्यामुळे जुन्या सवयीने नुसती सिमेंटची स्लरी ओतून बसवली तर ती मागून धरत नाही, तिला टाइलचा गम लागतो, असं ते समजावून सांगतात. दादा मान हलवतात. "काका, खाली वाळू आहे, बोलणारच ती." एका बेडरूममध्ये फुल्या इतक्या झाल्या की घरमालकाच्या नातवाने तिथे ठिक्करपाणी मांडलं.

पण हेच काका एकदा दादांच्या बाजूने उभे राहिले. रंगाच्या मापावरून वाद पेटला होता. रंगारी भिंतीचं क्षेत्रफळ मोजत बसत नाहीत, कार्पेटच्या तिप्पट किंवा साडेतीनपट धरतात. चौथ्या मजल्यावरच्या साहेबांनी स्वतः टेप लावून खिडक्या वजा करायला घेतल्या. दादा म्हणाले, "साहेब, खिडकी वजा करता, मग खिडकीच्या कडा कोण रंगवणार?" साहेबांनी जिंकण्याच्या खात्रीने काकांना बोलावलं. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, भारतीय मानक 1200 मध्येही अर्ध्या चौरस मीटरच्या आतलं भोक वजा करत नाहीत, आणि त्याहून मोठ्या, तीन चौरस मीटरपर्यंतच्या खिडकीची एकच बाजू वजा करतात, दुसरी कडांच्या कामापोटी सोडतात. एवढं बोलून ते नाणं खिशात घालून उतरून गेले. दादांनी आयुष्यात मानक हा शब्द उच्चारला नसेल, पण त्या दिवसापासून "आयएसप्रमाणे" असं प्रत्येक वाक्यात येऊ लागलं.

मानकांपैकी एकच त्यांना आधीपासून तोंडपाठ होतं : 710. पाण्याला टिकणारा मरीन प्लाय. "710 आहे मॅडम," असं ते म्हणतात तेव्हा मॅडमना आणखी काही विचारणं उर्मटपणाचं वाटतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून टेंपो येतो, थप्पी हॉलमध्ये लागते. सगळ्यात वरच्या प्लायवर शिक्का असतो. खालच्यांवर काय असतं ते वरचा उचलल्याशिवाय कळत नाही, आणि 19 मिलिमीटरचा आठ बाय चारचा प्लाय उचलणं घरमालकाच्या कमरेला परवडत नाही. दुकानही दादांच्या ओळखीचंच. बिजागऱ्या-हँडल बोहरी आळीतून, वायर तपकीर गल्लीतून. तिथला प्रत्येक दुकानदार तुम्हाला बसायला स्टूल देतो आणि चहा मागवतो. तो चहा कुठल्या खात्यात पडतो हे आपल्यासारख्यांनी विचारू नये.

कामाची मुदत मराठी घरात महिन्यांत ठरत नाही, सणांत ठरते. गुढीपाडव्याला सुरुवात, गणपतीच्या आत हातात. दादांना सगळे सण मान्य असतात. अडचण एवढीच की त्यांच्याकडे स्वतःचं वेगळं पंचांग आहे. त्यात होळीला सुतार मारवाडात, जूनमध्ये रजाला प्लंबर ओडिशात, दिवाळीनंतर छटला रंगारी बिहारात, आणि मधल्या दिवसांत कुणाच्या तरी बहिणीचं लग्न. दोन पंचांगांत उरलेले दिवस सोसायटी खाते : नऊच्या आधी ठोकाठोक नाही, दोन ते चार आवाज नाही, रविवारी अजिबात नाही, गोण्या लिफ्टमधून नाहीत. मग गणपती फ्रिजच्या खोक्यावर बसतात आणि आरतीला आलेला प्रत्येक जण विचारतो, "अजून चालूच आहे का?"

तेवढ्या दिवसांत दादा कुठे असतात, याचा शोध घरमालक लावत बसतात. फोन केला की पाठीमागून कटरचा आवाज येतो आणि दादा म्हणतात, "तुमच्याचकडे निघालोय." आवाज कुणाच्या घरचा, हे मला बऱ्याच वर्षांच्या शेजारपणानंतर उमगलं. दादांचं सगळं गणित ॲडव्हान्सवर चालतं. तुमच्या ॲडव्हान्समधून आधीच्या घराचा प्लाय येतो आणि तुमचा प्लाय पुढच्या घराच्या ॲडव्हान्समधून यायचा असतो. म्हणून त्यांना सतत एक नवं घर लागतं. ते बुडवत नाहीत, पळत नाहीत; फक्त नेहमी एक घर मागे असतात. आणि मागे का असतात, तर प्रत्येक घराने शेवटचे दहा टक्के धरून ठेवलेले असतात. घरमालक म्हणतो, कपाटाचं हँडल लागलं की देतो. दादा म्हणतात, दिले की लावतो. दोघांनाही एकमेकांची खात्री असते, म्हणून ना हँडल लागतं, ना पैसे निघतात. 2016 च्या रेरा कायद्याने बांधकामातल्या दोषांसाठी बिल्डरला ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधून घेतलं. दादांना कुठलाच कायदा बांधत नाही. त्यांना ते हँडल बांधून ठेवतं.

त्यांचंही ऐकून घ्यायला हवं. डॅडोची शेवटची फरशी बसून ग्राउट वाळतंय, आणि दारात उभं राहून कुणीतरी म्हणतं, "इथे एक प्लग दिला असतात तर मिक्सरला बरं पडलं असतं." ओटा बसल्यावर सासूबाईंना तो दोन इंच उंच वाटतो, सूनबाईंना दोन इंच ठेंगणा. मेहुणे सिव्हिल इंजिनिअर असतात, पण धरणांवरचे. मुलगा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर सांगतो की तिकडे बाथरूम कोरडं ठेवतात. दादा फोनच्या पडद्याकडे बघून हात जोडतात आणि मग वडिलांना हळूच विचारतात, "तिकडे बादली ठेवत नाहीत का?" चार फरशा फुटल्या म्हणून पुन्हा त्याच दुकानात जावं तर खोक्यावरचा बॅच नंबर बदललेला असतो, आणि तोच क्रीम कलर आता जरासा हळदीकडे झुकलेला असतो. शिव्या दादांना. मोरबीच्या भट्टीला कुणी काही बोलत नाही.

दुसऱ्या मजल्यावर रात्री अकराच्या सुमाराला छतातून पाणी ठिबकायला लागलं, तेव्हाची गोष्ट मला नीट आठवते. वरच्या घराचं बाथरूम महिन्यापूर्वीचं, दादांचंच. नव्या कोब्यावर दोन दिवस पाणी भरून ठेवून खाली ओल येते का बघायचं असतं. दादांनी ते एका रात्रीवर भागवलं होतं. प्लंबर रजाला गावी. दादा बर्म्युडावर, स्कूटरवरून, बॅटरी घेऊन आले. वरच्या बाथरूममध्ये उकिडवे बसले, नहाणी ट्रॅपची जाळी काढली, पंच्याने आतला भाग कोरडा केला आणि चिमूटभर कोरडं सिमेंट कडेने भुरभुरवलं. मग बॅटरी धरून बसून राहिले. थोड्या वेळाने पांढुरक्या सिमेंटात एका बाजूला काळसर रेघ उठली. "इथं आहे," म्हणाले. घरातून चमचा मागून घेतला, सांधा खरवडला, भरला, अंगठ्याने घोटला. अठराव्या वर्षी करमाळ्याहून ते बिगारी म्हणून आले आणि सात-आठ वर्षं त्यांनी थापी धरली, हे वहिनींना त्या रात्री पहिल्यांदा कळलं. अंगठा फिरत होता त्यावरूनच कळण्यासारखं होतं. खालच्यांच्या छताचा रंग मात्र अजून द्यायचा आहे. तो दादांनी "होऊन जाईल"मध्ये टाकलाय.

गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावर सत्यनारायण झाला. दादा सहकुटुंब आले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. घरमालकाने त्यांना शर्टपीस आणि नारळ दिला, पाहुण्यांसमोर पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "काम एक नंबर. फक्त मागे लागावं लागतं." पाहुणे घर बघत फिरले. सोफा कुणी उचलला नाही. काका आले होते, पण सोफ्यावर वहिनींच्या थोरल्या वन्स बसल्या होत्या. बेडरूममधल्या कपाटाच्या डाव्या दाराला हँडल नव्हतं, तिथे वहिनींनी गजरा अडकवला होता. बाणेरहून आलेल्या एका गृहस्थांनी तो बाजूला करून दार उघडझाप करून पाहिलं आणि प्रसादाचा द्रोण हातात धरूनच दादांना गाठलं.

"आमचंही किचन काढायचंय. कधी येता बघायला?"

"उद्या सकाळी दहाला," दादा म्हणाले, आणि खिशातून टेप काढून उगाच वाजवली.

वहिनी जिलबीचं ताट घेऊन तिथूनच चालल्या होत्या. थांबल्या, गृहस्थांच्या द्रोणात एक जिलबी ठेवली आणि म्हणाल्या, "तुम्ही शनिवार धरा. आणि ॲडव्हान्स एकदम देऊ नका, आमचं हँडल यायचंय अजून."