रिपीट ऑर्डर

चाकणकडे जाणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या बसमध्ये मागच्या बाजूला, खिडकीशी, एक माणूस बसलेला असतो. वय चाळिशीच्या अल्याड-पल्याड, गळ्यात आयकार्डाची दोरी, पायांत सेफ्टी शूज, मांडीवर डब्याची पिशवी. मोशीच्या पुढे बस ट्रॅफिकमध्ये अडकली की बाकीचे माना टाकतात. हा मोबाइल काढतो. आणि मध्येच "आला रे!" असं इतक्या जोरात म्हणतो की पुढच्या सीटवरच्या क्वालिटीवाल्याला वाटतं, इन्क्रिमेंटचं पत्र आलं. तसलं काही नसतं. 1987 सालचा एक गेम नव्याने विकायला आलेला असतो आणि यांनी तो घेतलेला असतो. आधीचा घरात असूनही.

आमच्या बसमध्ये याला 'रिपीट' म्हणतात. रिपीट ऑर्डर या अर्थाने. तोच माल, तोच पार्ट नंबर, पीओ नवी. त्याला याचं काही वाटत नाही, कारण तो स्वतःच पर्चेसमध्ये आहे.

पर्चेसमध्ये तो काय चीज आहे, हे भोसरीतल्या कुठल्याही शेडवाल्याला विचारा. व्हेंडरने पुढे ठेवलेलं कोटेशन तो वाचत नाही, टेबलावर पालथं घालतो आणि म्हणतो, "हं, आता खरा आकडा सांगा." पार्टमागे 10 पैशांसाठी तो दुपार घालवू शकतो. "स्टीलचा भाव चढला की तुमचा फोन येतो शेठ, उतरला तेव्हा रेंज नव्हती का?" हे त्याचं वाक्य पट्ट्यात प्रसिद्ध आहे. पण त्याची खरी प्रतिभा टूलिंगच्या वेळी दिसते. बाहेरच्यांसाठी सांगतो. एखाद्या पार्टचा डाय किंवा मोल्ड बनवायला जो खर्च येतो, तो बहुतेक वेळा मोठी कंपनी एकदाच मोजते. टूल राहतं व्हेंडरच्या शेडमध्ये, पण त्यावर पत्र्याची पट्टी ठोकलेली असते, की ही मालमत्ता अमुक कंपनीची. पुढच्या मॉडेलला तेच टूल थोडं घासूनपुसून वापरायचं आणि कोटेशनमध्ये टूलिंगचा खर्च हळूच परत घालायचा, असा मोह एखाद्याला होतो. रिपीट तो आकडा बोटाने दाबून धरतो आणि मान वर न करता म्हणतो, "याचे पैसे आपण दिलेत." आजवर एकही टूल त्याने दोनदा विकत घेतलेलं नाही. प्रमोशन त्यावरच झालं.

हाच माणूस रात्री घरी मारिओ चौथ्यांदा विकत घेतो.

पहिला मारिओ नव्वदच्या दशकात पिंपरी कॅम्पातून आला. वडील टेल्कोत, दिवाळीचा बोनस झालेला, आणि शगुन चौकाच्या आसपासच्या दुकानांत तेव्हा टीव्ही गेम नावाची वस्तू रचून ठेवलेली असे. खरं यंत्र जपानच्या निंटेंडोचं, आपल्याकडे यायच्या त्या त्याच्या नकला. बरोबर दोन रिमोट, एक बदकं मारायची बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर लिहिलेलं असायचं '9999 गेम एकात'. सुट्टीभर खेळून पोरांना शोध लागायचा की आत गेम आहेत मोजकेच. तोच मारिओ, तोच कॉन्ट्रा, तोच रणगाड्यांचा गेम, फक्त यादीत पानोपानी नावं बदलून, कुठे दुसऱ्या स्टेजपासून सुरू केलेला, कुठे जास्त लाइफ दिलेल्या. म्हणजे एकच माल वेगवेगळ्या नावांनी स्वीकारायचं शिक्षण या पिढीला चौथी-पाचवीतच मिळालं होतं. पुढे मोठमोठ्या कंपन्यांनी जे केलं, ते कॅम्पातल्या त्या कॅसेटवाल्याने आधीच करून ठेवलं होतं, आणि तेही एकाच किमतीत.

गेम अडकला की कॅसेट काढायची, तोंडाजवळ धरून डावीकडून उजवीकडे फुंकर मारायची, शर्टाच्या टोकाने पुसायची आणि पुन्हा खटकन बसवायची. रिपीटच्या मते हे त्याच्या आयुष्यातलं पहिलं प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स. आता विकत घेतलेल्या गेमला फुंकर मारायला जागाच नाही, ही त्याची तक्रार आहे, आणि ती मला पटते.

तो टीव्ही गेम दहावीच्या वर्षी आईने भंगारवाल्याला दिला. रिपीटने ही गोष्ट आईला माफ केली आहे असं तो म्हणतो. चिखलीच्या कुदळवाडीतली भंगाराची गोदामं 2025च्या फेब्रुवारीत महापालिकेने पाडली, तेव्हा बसमध्ये त्यावर दोन तट पडून कडाक्याची चर्चा झाली. रिपीट शेवटपर्यंत गप्प होता. मोशी आल्यावर त्याने एवढंच विचारलं, "आतल्या मालाचं काय केलं असेल?"

दुसरा टप्पा सीडीचा. इंजिनिअरिंगला असताना बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जायचं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतली सीडी आणायची. वर मार्करने नाव लिहिलेलं. एज ऑफ एम्पायर्स, व्हाइस सिटी, सगळं तसंच आलं. चौघांत एक सीडी, आणि होस्टेलमध्ये तिच्या इतक्या नकला की मूळ कुठली, हे विचारण्यातही अर्थ नव्हता. मूळसुद्धा नक्कलच होती.

मग नोकरी, क्रेडिट कार्ड आणि इंटरनेटवरचं दुकान. एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग, 1999 सालचा, 2013 मध्ये मोठ्या पडद्यासाठी घासूनपुसून आला. रिपीटने घेतला, तोही डॉलरमध्ये, कारण स्टीम नावाच्या त्या दुकानात रुपयांतले भाव 2015च्या नोव्हेंबरात सुरू झाले. 2019 मध्ये तोच पुन्हा नव्या चित्रांनी आला. घेतला. 2022 मध्ये त्यात भारतातली राजघराणी वाढवली. बंगाली आले, द्रविड आले, गुर्जर आले. मराठे नाहीत! ज्या चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्यांनी 1660 साली शायिस्तेखानापुढे लढवला, त्या चाकणला रोज बसने जाणारा हा माणूस दोन दिवस भडकलेला होता. तिसऱ्या दिवशी तेही घेतलं.

त्याच्या खात्यातली यादी मी स्वतः पाहिली आहे. एका रविवारी त्याने कौतुकाने लॅपटॉप उघडून दाखवली. प्रत्येक गेमपुढे खेळलेला वेळ दिसतो, हे बहुधा त्याच्या लक्षात नव्हतं. 2019च्या एज ऑफ एम्पायर्सपुढे लिहिलं होतं : 37 मिनिटं. त्या खेळात सुरुवातीच्या मेंढ्या कापून झाल्या की खरं राज्य उभं राहू लागतं. रिपीटच्या राज्यात मेंढ्या संपल्या आणि त्याला झोप लागली. फर्स्ट शिफ्टवाल्या माणसाला साम्राज्य परवडत नाही.

"मग घेता कशाला?" हा प्रश्न वहिनी दर सेलला विचारतात. सेल बहुधा गुरुवारी रात्री उघडतो, तिकडे अमेरिकेत सकाळ झाली की. आणि भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कित्येक कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी नेमकी गुरुवारी. सकाळी दत्ताला जाऊन आलेला, दुपारी झोप काढलेला, ताजातवाना माणूस रात्री साडेदहाला त्या सेलपुढे उभा राहतो. व्हेंडर असं गाठतात, हे त्याला ऑफिसात कळतं. घरी कळत नाही.

पण वहिनींना तो उत्तर देतो, आणि ते उत्तर पर्चेसच्या माणसाला शोभणारं आहे. त्याचं म्हणणं असं, की हे रिपीट नाहीच. पहिल्यांदा पैसे गेले कॅम्पातल्या दुकानदाराला, दुसऱ्यांदा तपकीर गल्लीतल्या सीडीवाल्याला. ज्यांनी गेम बनवला, त्या कोनामीला आणि निंटेंडोला आपल्याकडून छदाम पोचला नव्हता. त्यांच्या खात्यावर ही आपली पहिलीच एन्ट्री. "छोट्या व्हेंडरचे पैसे 45 दिवसांत द्यायचे, नाहीतर इन्कम टॅक्सवाले तो खर्च त्या वर्षी धरत नाहीत. मी कोनामीला 25 वर्षं थकवलंय. झोप लागेल का?"

हा मुद्दा खरोखर बिनतोड आहे. अमेरिकेतला वा जपानमधला खेळाडू पुन्हा पैसे मोजावे लागतात म्हणून कुरकुरतो, तेव्हा त्याने पहिल्यांदा दुकानातून खरी कॅसेट पावतीसह घेतलेली असते. आपली कुरकुर त्याच्याकडून उसनी घेतलेली. पिंपरी-चिंचवडच्या अख्ख्या पिढीने त्या कंपन्यांना पहिलं बिल अजून चुकतं केलेलं नाही.

वहिनी मात्र बँकेत आहेत. त्या म्हणाल्या, "बरं. एज ऑफ एम्पायर्सचं 2013चं पेमेंट ही थकबाकी झाली. 2019चं काय? त्याच पार्टीला, त्याच मालाचं दुसरं बिल पास केलंत."

रिपीट पाणी प्यायला उठला.

मुलगा सातवीत आहे. तो मोबाइलवर जे खेळतो ते फुकट असतं. पैसे लागतात ते आतल्या सैनिकाच्या कपड्यांना. "खोट्या कपड्यांना खरे पैसे?" म्हणून रिपीटने एकदा आवाज चढवला. वहिनी भाजी चिरत होत्या. त्यांनी फक्त सुरी थांबवून मान वर केली. विषय तिथेच संपला. कॉन्ट्रासाठी मात्र मुलाला हट्टाने बसवलं. 2019 मध्ये जुन्या कॉन्ट्रांचा गठ्ठा निघाला, तो घेऊन. वर-वर-खाली-खाली, डावं-उजवं-डावं-उजवं, बी, ए. बोटांना आठवत होतं, तीस लाइफ मिळाल्या. मुलगा थोडा वेळ खेळला आणि त्याने विचारलं, "बाबा, याचं पूर्ण व्हर्जन कधी येणार?"

आता मुस्तफाबद्दल. शाळेजवळच्या पार्लरमध्ये रुपयाचं नाणं टाकून जो गेम पोरं खेळायची, त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स. कॅपकॉम कंपनी, 1993. पिवळ्या टोपीच्या मुस्तफाला घ्यायला भांडणं व्हायची, म्हणून गेमचंच नाव मुस्तफा पडलं. रिपीट हा गेम वाटेल त्या भावाला घ्यायला तयार आहे, आणि नेमका हाच कुणी विकत नाही. कॅपकॉमने 2018 मध्ये आपल्या जुन्या मारामारीच्या गेमचा गठ्ठा काढला, त्यातही हा नव्हता. गोष्ट एका कॉमिकवरून घेतलेली, म्हणजे एक परवाना कॉमिकवाल्यांचा; नाव मोटारीचं, म्हणजे दुसरा जनरल मोटर्सचा. जनरल मोटर्स! तिचा कारखाना तळेगावात होता, आमच्या बसपासून हाकेच्या अंतरावर. 2008 मध्ये सुरू झाला, 2020 अखेर उत्पादन थांबलं, पुढे ह्युंदाईने तो घेतला. रिपीट हे सांगताना हळवा होतो. "एवढी वर्षं ते शेजारी होते. कुणीतरी गेटवर जाऊन एक अर्ज द्यायला हवा होता." इतकं चोख व्हेंडर डेव्हलपमेंट कुणी केलं नाही, हे खरंच.

आणि ज्या गेमचे पैसे घेतले जातात, ते तरी हाती लागतात का? कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून कायदा आहे, की इंटरनेटवरच्या दुकानाने 'विकत घ्या' म्हणताना हे फक्त वापराचं लायसन्स आहे, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. निंटेंडोने वी-यू आणि थ्रीडीएस या आपल्या जुन्या यंत्रांची दुकानं 2023च्या मार्चमध्ये बंद केली; त्यानंतर तिथे नवी खरेदी नाही. रिपीटचा सध्याचा मारिओ तर वर्गणीवरचा : वर्गणी थांबली की मारिओही थांबला. मी त्याला हे त्याच्याच भाषेत सांगून पाहिलं. टूलिंगचे पूर्ण पैसे तू दिलेस, टूल व्हेंडरच्या शेडमध्ये, आणि पत्र्याच्या पट्टीवर नावही व्हेंडरचंच. ऑफिसात असं कोटेशन कुणी आणलं असतं तर तू काय केलं असतंस?

तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. कुरुळीच्या फाट्यावर कंटेनर आडवा झाला होता, त्यामुळे विचार करायला वेळ भरपूर होता. मग म्हणाला, "तिथे समोर माणूस असतो रे. चहा मागवता येतो, कोटेशन पालथं घालता येतं. इथे नुसतं बटण. बटणाशी घासाघीस कशी करायची?"

तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर जुना टीव्ही गेम असेल, पिवळ्या कॅसेटसह, तर भंगारात घालू नका. आमच्याकडे गिऱ्हाईक आहे, रोख देईल. फक्त पहिला आकडा दुपटीने सांगा. पर्चेसचा माणूस आहे, समोरासमोर आला की सोडणार नाही.