दोन गाण्यांवर वाटेला लावलंत

श्री. सॅम कॅट्झमन यांस,

‘सप्रेम’ लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसता नमस्कार. तुम्हाला जाऊन पन्नास वर्षं उलटली, तरी तुम्ही निर्माते म्हणून काढलेले रॉक अँड रोलचे चित्रपट पाहताना माझा जीव अजून जळतो.

१९५५ साली ‘ब्लॅकबोर्ड जंगल’च्या श्रेयनामावलीवर बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ हे गाणं वाजलं आणि पोरं बेभान झाली. तुम्हाला त्यात गल्ला दिसला. १९५६च्या जानेवारीत चित्रीकरण, मार्चमध्ये त्याच नावाचा चित्रपट थिएटरात! ब्रिटनमध्ये पोरं खुर्च्यांच्या रांगांमधून नाचली, काही गावांनी चित्रपटावर बंदी घातली. ही ताकद गाण्यांची होती, तुमची नव्हे. तुमची गोष्ट काय, तर एका मॅनेजरला खेड्यातल्या नाचात हेलीचा गोऱ्या वादकांचा बँड सापडतो, मग प्रेमाचा तिढा. जणू हे संगीत त्याच गावच्या शेतात उगवलं होतं. हेलीचं ‘शेक, रॅटल अँड रोल’ आधी बिग जो टर्नरने गायलेलं. टर्नरसारख्या कृष्णवर्णीय गायकांच्या ऋणाला तुमच्या कथेत जागा नाही. त्यांच्यातलेच प्लॅटर्स पाहुण्यासारखे येतात, गातात, जातात.

त्याच वर्षाच्या अखेरीस ‘डोन्ट नॉक द रॉक’. या संगीताने थोरामोठ्यांची झोप उडवली होती, आणि तुम्ही काय केलंत? जुन्या काळी चार्ल्स्टन नाचालाही लोक नावं ठेवायचे, असं वडीलधाऱ्यांना पटवून त्यांचा होकार मिळवलात. बंडाला आईवडिलांची परवानगी!

आणि त्याच चित्रपटातला गायक लिटल रिचर्ड. पियानोपाशी उभा, ढगळ सूट, डोक्यावर फुगवलेले केस, तेविशी-चोविशीतला. ओठ हलतात, आवाज मात्र आधीच निघालेल्या तबकडीचा. तेव्हाची रीतच तशी होती, मान्य. पण तो घामाघूम होऊन खरोखर गातोय, हे टिपून ठेवावंसं एकदाही वाटलं नाही? त्याच डिसेंबरात दिग्दर्शक फ्रँक टॅशलिनने त्यालाच ‘द गर्ल कान्ट हेल्प इट’मध्ये रंगीत, रुंद पडद्यावर आणलं. तिथेही प्लेबॅकच होता, पैसाही जास्त होता. तरी त्या कॅमेऱ्याला गाणाऱ्याचं अप्रूप आहे.

१९६१ साली तुम्ही ‘रॉक अराउंड द क्लॉक’चीच गोष्ट ‘ट्विस्ट अराउंड द क्लॉक’ म्हणून पुन्हा विकलीत. पुढे एल्व्हिस हाती आला, तर ‘किसिन कझिन्स’मध्ये त्याला पिवळ्या केसांचा टोप घालून दुहेरी भूमिकेत उभं केलंत.

१९५७च्या ऑक्टोबरात, ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असताना, लिटल रिचर्डने रॉक अँड रोल सोडून धर्माची वाट धरली. ऐन भरातला तो कॅमेऱ्यासमोर मिळण्याची संधी फार थोड्यांच्या नशिबी आली. तुमच्या आली होती. तुम्ही त्याला दोन गाण्यांवर वाटेला लावलंत.

एक प्रेक्षक