‘अप्रतिम’ म्हणून खाली बसणारे

आमच्याकडे महिन्यातून एकदा वाचकांची बैठक भरते. तिचा पहिला अर्धा तास ‘सध्या काय वाचताय?’ या प्रश्नासाठी राखून ठेवलेला असतो. मला तो अर्धा तास बाकीच्या सगळ्या कार्यक्रमाहून मोलाचा वाटतो. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढली तरी मराठी प्रकाशकाला ती संपेपर्यंत झोप नसते. वर्तमानपत्रांतली परीक्षणं आटत चालली आहेत. तालुक्याच्या गावी पुस्तकांचं दुकान म्हणजे वह्या, गाइडं आणि स्पर्धापरीक्षांचे ठोकळे. अशात नवी कादंबरी कुणाच्या हाती पडायची तर ती एकाने दुसऱ्याला सांगितली म्हणूनच पडते. त्यामुळे या अर्ध्या तासाची जी नासाडी चालते तिच्याबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती मी सविस्तर मांडणार आहे.

सुरुवात पहिल्या खुर्चीपासून होते. ‘मृत्युंजय.’ शेजारची खुर्ची, ‘ययाति.’ तिसरी, ‘स्वामी.’ यांतलं सगळ्यात नवं ‘मृत्युंजय’, तेही 1967 सालचं. जुनं पुस्तक पुन्हा वाचायला माझी हरकत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी स्वतः परत परत काढून बसते. पण या मंडळींनी ही पुस्तकं गेल्या महिन्यात उघडलेलीच नसतात. कॉलेजात असताना वाचली, मनापासून आवडली, आणि तेव्हापासून कुणी विचारलं की तेच नाव पुढे करायचं. कर्णाचं तुम्हांला काय भिडलं म्हणून मी एकदा विचारलं. ‘सगळंच,’ असं उत्तर आलं आणि पाळी पुढच्या खुर्चीकडे गेली.

याहून मोठा जाच ‘अप्रतिम’वाल्यांचा. हे लोक पुस्तक खरंच वाचून आलेले असतात, म्हणून जास्त वाईट वाटतं. उभं राहायचं, मुखपृष्ठ सगळ्यांना दिसेल असं फिरवायचं, ‘अप्रतिम आहे, प्रत्येकाने वाचायलाच हवं,’ म्हणायचं आणि बसायचं. पुस्तक कशाबद्दल आहे, त्यात कोण माणसं आहेत, कुठल्या पानावर तुम्ही थबकलात, कुठे कंटाळलात, काही म्हणता काही नाही. ऐकणाऱ्याने नेमकं काय लिहून घ्यायचं?

सांगणं जमत नाही असंही नाही. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आमच्यात येतात. त्यांनी कृष्णात खोतांचं ‘रिंगाण’ सांगितलं. धरणात गाव गेलं, माणसं उठून दुसरीकडे वसली, मागे राहिलेल्या म्हशी रानटी झाल्या आणि त्यातली एक परत आणायला देवाप्पा निघतो, एवढं सांगून ते थांबले. मग म्हणाले, “कोयनेच्या वेळी आमच्या मामाचं गाव उठलं. माणसांचं काय झालं ते सगळे सांगायचे. गुरांचं काय झालं ते मी कधी विचारलंच नव्हतं.” त्या कादंबरीला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाल्याचा त्यांनी उल्लेखही केला नाही, आणि त्यावाचून काही अडलंही नाही. चार जणांनी जागेवरच नाव टिपून घेतलं. दोन मिनिटांचं बोलणं होतं ते. तेवढं प्रत्येकाला देता येतं.

आवडत्या लेखकाबद्दल बोला म्हटलं की पुस्तक बाजूलाच राहतं आणि किस्से सुरू होतात. पु. ल. कुणाला काय म्हणाले, जी. ए. लोकांना कसे टाळायचे, नेमाड्यांनी ‘कोसला’ किती थोड्या दिवसांत लिहिली. ‘कोसला’ निघाली की कुणीतरी वाक्यात ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ घुसवतं, सगळे हसतात, आणि ‘कोसला’ संपली. 1963 साली पंचविशीतल्या लेखकाने लिहिलेली ती कादंबरी. तिच्यात पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते. त्या पानांबद्दल आमच्या बैठकीत आजवर कुणी एक शब्द काढलेला नाही. ती पानं वाचलेला माणूस ‘वगैरे’वर थांबेल, हे मला मान्यच होत नाही.

आणि जी. एं.चे किस्से सांगणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे, की धारवाडला लोकांपासून दूर राहणारा हा माणूस पत्रांतून पुस्तकांबद्दल किती मोकळेपणाने बोलायचा ते बघा. काय वाचलं, त्यातलं काय मनात रुतून बसलं, कुठे पटलं नाही, हे समोरच्याला कळावं म्हणून पानंच्या पानं लिहायची. सुनीताबाई देशपांडे त्याच तोलाने उत्तर द्यायच्या. दोन वाचकांनी एकमेकांशी कसं बोलावं ते या पत्रव्यवहारात सापडतं. तो विकत मिळतो, ग्रंथालयातही असतो.

‘रणांगण’च्या वेळी तर मी उठून बाहेरच जाणार होते. विश्राम बेडेकरांची 1939 सालची ही छोटेखानी कादंबरी. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, तिच्यावर चक्रधर आणि नाझींच्या छळापासून पळणारी ज्यू मुलगी हॅर्टा. सांगणाऱ्या गृहस्थांनी हॅर्टाचं शेवटी काय होतं ते तिसऱ्याच वाक्यात सांगून टाकलं. समोर बसलेल्या एका मुलीने पुस्तकाचं नाव लिहायला वही काढली होती. तिने ती मिटून पिशवीत टाकली.

पण मला सगळ्यात जास्त लागतं ते अनुवादकांच्या बाबतीत. ‘मी सध्या भैरप्पा वाचतोय,’ असं आमच्याकडे दर बैठकीला कुणीतरी सांगतं. वाचतात ते ‘पर्व’ किंवा ‘वंशवृक्ष’, मराठीतून. सांगणाऱ्याला कन्नडचं एक अक्षर येत नसतं. त्याने वाचलेलं वाक्य न् वाक्य उमा कुलकर्णींनी लिहिलेलं असतं. विरूपाक्ष कुलकर्णींनी कन्नड मजकूर वाचून द्यायचा आणि उमाताईंनी तो ऐकून मराठीत उतरवायचा, अशी या नवरा-बायकोची कामाची रीत. ‘पर्व’सारखा जाडजूड ग्रंथ असा कानांवाटे मराठीत आला आहे. ‘भैरप्पांची भाषा काय ओघवती आहे!’ असं म्हणताना त्या बाईंचं नाव ओठांवर येऊ नये? अनुवादकच नावाजलेला असला की मात्र आठवतो. हेमिंग्वे ‘एका कोळियाने’मधून पु. लं.नी आणला आणि थोरोचं ‘वॉल्डन’ दुर्गाबाईंनी, हे बहुतेकांना पाठ असतं. कॉनरॅड रिक्टर जी. एं.नी मराठीत आणला हे सांगणारे त्याहून कमी. ज्यांनी मुख्य काम म्हणून आयुष्यभर अनुवादच केले, त्यांचं नाव घ्यायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही.

पुस्तकं नेणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही, तो जाच घरोघरी आहे. एकच सांगते. माझी ‘काजळमाया’ नेलेले गृहस्थ बैठकीला न चुकता येतात आणि पुस्तकं विकतच घेऊन वाचावीत असा आग्रह धरतात. मी विचारलं की ‘चालू आहे,’ म्हणतात. पहिल्या पानावर माझं नाव आहे, हे त्यांनीही पाहिलेलं आहे.

यावर उपाय म्हणून मी संयोजकांना लेखी सूचना दिली. ‘सध्या काय वाचताय?’ या प्रश्नाला उत्तर देणाऱ्याने पुस्तक सोबत आणावं आणि आपल्या आवडीचं एक पान वाचून दाखवावं. अनुवाद असेल तर दोन्ही नावं घ्यावीत. शेवट सांगू नये. पान निवडायचं म्हटलं की पुस्तक उघडावंच लागतं, त्यामुळे निम्म्या तक्रारी आपोआप मिटतील. संयोजकांनी कळवलं की सूचना चांगली आहे, पण पुढच्या वेळी पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार असल्याने वेळ पुरणार नाही. सत्काराला, परिचय आणि आभार धरून, वीस मिनिटं जातात. एक पान वाचायला दोन लागतात. हा हिशेब मांडून मी त्यांना दुसरं पत्र दिलं आहे आणि ‘वंशवृक्ष’मधलं कुठलं पान मी वाचणार तेही त्यात लिहिलं आहे.